एकाच खणातील दोन वटवाघळे

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात, जेथे हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले पशुपक्ष्यांचे नमुने नावाची चिठ्ठी बांधून खणाखणांतून निजलेले आहेत, तेथे एक वटवाघूळ जवळजवळ दोन तपे दुसऱ्याच्याच नावावर पडून होते. १९४८ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील, म्हणजे आजच्या तामिळनाडूतील, मेघमलै डोंगरात सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या कॉफीच्या मळ्यात अँगस हटन या मळेवाल्या निसर्गाभ्यासकाला ते सापडले. नमुना रीतसर मुंबईस पोहोचला. आणि फळांवर जगणाऱ्या, मध्यम चणीच्या, तपकिरी अंगाच्या वटवाघळाला पाहताच जे नाव सुचावे तेच, आखूड नाकाच्या वटवाघळाचे, त्याच्या चिठ्ठीवर चढले. हे आखूड नाकाचे वटवाघूळ श्रीलंकेपासून दक्षिण चीनपर्यंत आणि पुढे इंडोनेशियापर्यंत पसरलेले, आपल्याकडे तर गावोगावच्या परसातले. तेव्हा त्याचा आणखी एक नमुना आला म्हणून कोणी मुद्दाम तो खण उघडून पाहावा, असे कारणच नव्हते.

ते कारण पुढे थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांच्या रूपाने आले. त्यांनी त्या वाळलेल्या देहाचा जबडा पाहिला आणि पटाशीचे दात मोजले. आखूड नाकाच्या वटवाघळाला वरच्या जबड्यात चार आणि खालच्यात चार असे पटाशीचे दात असतात. याला वर दोन आणि खाली दोनच होते. त्या वटवाघळाला बोटाच्या पेराएवढी का होईना शेपटी असते; याला बाहेरून दिसेल अशी शेपटीच नव्हती. त्याच्या कानांना पांढरट गोट असतो. याचे कान बिनगोटाचे होते. एवढ्या पुराव्यानंतर ही केवळ नवी जाती नव्हे, तर स्वतंत्र प्रजातीच मानणे भाग पडले, आणि १९७२ साली सोसायटीच्याच नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. प्रजातीला ‘रुंद दातांचे’ या अर्थाचे लॅटिडेन्स हे नाव मिळाले, आणि जातीला, सारी हयात पक्ष्यांच्या मागे घालविलेल्या सलीम अलींचे. किट्टी पुढे दोनच वर्षांत, १९७४ साली, निवर्तले. थायलंडच्या गुहांत त्यांनी शोधलेल्या आणि जगातील सर्वांत लहान सस्तन प्राण्यांत गणल्या जाणाऱ्या इवल्याशा वटवाघळाला त्याच वर्षी त्यांचे नाव दिले गेले.

आता योगायोग असा की, ज्या १९७२ साली या नव्या फळवाघळाची वार्ता छापली गेली, त्याच साली आपल्या संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला, आणि त्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, कावळे आणि उंदीर यांच्या पंक्तीला, ‘फळवाघळे’ या एका शब्दाखाली फळे खाणाऱ्या यच्चयावत वटवाघळांना ‘उपद्रवी’ म्हणून बसविले. एकीकडे शास्त्र एका खणातून दोन भाऊबंद वेगळे काढीत होते, आणि दुसरीकडे कायदा सगळ्या भाऊबंदांना एकाच दाव्यात गोवीत होता. पुढे सलीम अलींच्या वटवाघळाची दुर्मिळता लक्षात आल्यावर त्याला तेवढे त्या पंक्तीतून उठवून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि हत्ती यांच्या शेजारी, मानाचे पान मांडले गेले. त्याचा सख्खा नसला तरी चुलत म्हणावा असा नातलग मात्र जेथे होता तेथेच, उंदरांच्या पंगतीत, पन्नास वर्षे राहिला. एकाच कुळातील एकाला सनद आणि दुसऱ्याला तडीपारी, असा हा न्याय. आणि तो कोणत्या तत्त्वावर केला गेला, हे तपासावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम या दोघांची राहणी पाहू. सलीम अलींचे वटवाघूळ पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, मेघमलै, पेरियार आणि अगस्त्यमलैच्या डोंगरांतच आढळते. सदाहरित अरण्य, त्यात गुहा, आणि गुहेच्या आसपास रुद्राक्षाच्या कुळातील वृक्ष व रानउंबरांची फळे, एवढ्या तीन गोष्टी एकत्र असतील तेथेच त्याचा संसार मांडला जातो. हटनने ते मिळविल्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस जिवंत पडल्याची नोंद नव्हती. १९९३ साली ते पुन्हा सापडले, आणि त्यानंतर मदुराईच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याचा माग काढला. जगातील संकटात असलेल्या जीवांची जी लाल यादी ठेवली जाते, तिच्यात त्याची गणना ‘संकटग्रस्त’ अशी आहे.

दुसऱ्याचा मुक्काम शोधण्यासाठी मला घराबाहेरही जावे लागत नाही. पुण्यातील आमच्या जुन्या सोसायटीच्या आवारात एक भेरली माड आहे. त्याच्या फळांचे लांबच लांब घोस घोड्याच्या शेपटीसारखे लोंबत असतात. आणि एका मार्गशीर्षात, मान वर करून पाहिले असता, त्यांतील एका घोसाचा आतला भाग पोखरून त्याची घंटेसारखी पोकळी झालेली दिसली. ही कारागिरी आखूड नाकाच्या नराची असते. तो आतल्या सरी एकेक करून दातांनी कुरतडून टाकतो, बाहेरच्या तशाच राखतो, आणि अशा रीतीने सिद्ध झालेल्या तंबूत माद्यांची वाट पाहतो. घर पसंत पडले तर अनेक माद्या एकाच नराकडे नांदतात, आणि न पडले तर त्या गरिबाचे कष्ट वाया जातात. तंबू बांधणाऱ्या या वटवाघळाच्या कुटुंबव्यवस्थेचा शास्त्रीय अभ्यास पुण्यातच झाला असून तो २००० सालच्या सुमारास परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्धही झाला आहे, ही गोष्ट पुणेकरांना ठाऊक नाही. एरवी तिचा अभिमान बाळगण्यात आपण मागे राहिलो नसतो.

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास हे बिऱ्हाड बाहेर पडते. कीटक खाणारी वटवाघळे अंधारात आवाज सोडून त्याच्या पडसादावर वाट काढतात, पण याचे तसे नाही. हे आपले मोठे डोळे आणि नाक यांच्या भरवशावर निघते, पिकलेले फळ वासाने ओळखते, ते तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, कारण फळझाडावरच बसून जेवणे म्हणजे घुबडाला आमंत्रण, आणि तेथे उलटे लटकून गर चावून रस गिळते व चोथा थुंकून देते. सकाळी माझ्या ओसरीवर जी शिल्लक पडलेली असते तिच्यावरून त्याचा रात्रीचा हिशेब मला वाचता येतो: पेरूच्या चोथ्याची वाळत आलेली चपटी वडी, उंबराच्या बारीक बियांची रेघ, आणि देशी बदामाचे तंतुमय कवच, ज्याच्यावर दोन बाजूंना दातांचे खळगे स्पष्ट उमटलेले असतात. आमच्या आवारात देशी बदामाचे झाड नाही. सर्वांत जवळचे झाड दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि तरीही दर पावसाळ्यात गटाराच्या कडेला बदामाची दोन-तीन रोपे डोके वर काढतात. केरळातील शेतकरी वाघळांनी चोखून टाकलेले काजू आणि सुपाऱ्या झाडांखालून वेचून घेतात. वड, पिंपळ आणि उंबर जुन्या भिंतींवर आणि देवळांच्या शिखरांवर उगवतात तेही पक्ष्यांइतकेच या रात्रीच्या वाटसरूंमुळे. आपल्या भाषेने या प्राण्याच्या नावातच वड घातला, तो काही उगीच नव्हे.

याउलट बागाईतदाराची फिर्याद खोटी आहे असे म्हणणे हाही अन्याय होईल. पेरू, चिकू, केळी, द्राक्षे ही फळे वाघूळ खाते, आणि ज्याचे वर्षभराचे कर्ज त्या घडांवर फिटायचे असते त्याला, हा प्राणी रानातील बी पेरतो, असे सांगून समाधान मिळत नाही. मळ्यात राबणाऱ्याची कैफियत ऐकून घेतल्याखेरीज फैसला देणारा न्यायाधीश कोणाच्याच विश्वासाला पात्र राहत नाही. परंतु उपद्रव मान्य केला म्हणजे ‘उपद्रवी’ हा शिक्का मान्य केला, असे होत नाही. उंदराची मादी एकेका वेताला सात-आठ पिले देते आणि वर्षात अनेकदा विते. आखूड नाकाच्या वटवाघळाची मादी वर्षाला दोनदा, आणि दर खेपेला एकच पिल्लू देते, आणि ते पिल्लू बरेच दिवस छातीशी धरून वावरते. उंदीर मारले तर त्यांची भर दोन महिन्यांत होते. वाघळांची वसाहत उठवली तर ती भरून यायला वर्षे लागतात. या दोघांना एका ओळीत बसविणाऱ्याने दोघांपैकी एकालाही नीट पाहिले नव्हते.

आणि ज्याला सनद मिळाली त्याचे तरी काय झाले? पहिल्या अनुसूचीत नाव असणे हा शिकारीविरुद्धचा बंदोबस्त आहे, आणि तो आवश्यकही आहे, कारण वाघळाच्या मांसाला औषधी गुण असल्याच्या समजुतीने गुहांतून त्यांची हत्या होत आली आहे. पण अनुसूचीला फळे लागत नाहीत. ज्या डोंगरावर कॉफी आणि वेलदोड्यासाठी अरण्याचा तुकडा तुकडा मोकळा होत गेला, तेथे गुहा शाबूत राहिली तरी तिच्या भोवतालची रात्रीची शिधासामग्री कमी होत जाते. मेघमलैचा परिसर २०२१ साली व्याघ्रप्रकल्पात गेला, ही या वाघळाची मोठी भाग्यरेषा. परंतु ती वाघाच्या नावाने उमटली, त्याच्या स्वतःच्या नव्हे.

येथे मला जे म्हणायचे आहे ते असे. आपल्या कायद्याने आणि कायद्याहूनही अधिक आपल्या मनाने, जीव राखण्याची जी कसोटी धरली आहे ती दुर्मिळतेची आहे: जे थोडे उरले ते मोलाचे, जे पुष्कळ आहे ते बिनमोलाचे. सराफाच्या दुकानात ही कसोटी ठीक असेल, पण सृष्टीच्या दप्तरात ती उलटी लागते, कारण तेथे काम करतो तो पुष्कळ असणारा. लाखो बिया रोज रात्री वाहून नेण्याचे काम मूठभर दुर्मिळ वाघळांकडून होणे शक्य नाही. ते आखूड नाकाच्या सामान्य वाघळाकडूनच होते, आणि ते सामान्य आहे म्हणूनच होते. त्याची संख्या निम्म्यावर आली तरी लाल यादीत कदाचित ते ‘चिंता नाही’ याच सदरात राहील, पण बियांची निम्मी वाहतूक त्या रात्रीपासून बंद झालेली असेल.

जे पुष्कळ आहे ते पुष्कळच राहील, या भरवशाची किंमत आपण एकदा मोजली आहे. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल असलेला पक्षी समजला जाई. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेवर त्यांची गर्दी पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांचा घात केला, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पण तोवर शंभरांतील नव्याण्णव गिधाडे गेली होती, आणि सर्वांत विपुल पक्षी सर्वांत संकटग्रस्तांच्या रांगेत जाऊन बसला होता. वाघळांचेच उदाहरण हवे असेल तर ते मॉरिशसचे आहे, जेथे मराठी भाषक कुटुंबेही अनेक पिढ्या नांदत आहेत. तेथे आंबा आणि लिची वाचविण्यासाठी सरकारने २०१५ आणि २०१६ साली फळवाघळांची कत्तल हजारोंच्या संख्येने केली. २०१८ साली त्या बेटावरचे वाघूळ लाल यादीत एक पायरी खाली घसरून ‘संकटग्रस्त’ ठरले, आणि फळबागाईतदारांची तक्रार मात्र कायमच राहिली.

फळांच्या जोडीला आता भीतीही आली आहे. २०१८ साली कोझिकोडला निपाह या विषाणूची साथ आली आणि वाघूळ हे नाव घराघरांत कुजबुजीने घेतले जाऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत त्या विषाणूचा माग लागल्याचे पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले, तेव्हा ती कुजबुज आमच्या सोसायटीच्या बैठकीपर्यंत पोहोचली. महाबळेश्वरची ती वाघळे आमच्या आवारातल्या जातीची नव्हती, हे मी सांगून पाहिले. “अहो, वाघूळ ते वाघूळ! घरात नातवंडं आहेत आमच्या,” एवढे बोलून शेजारच्या काकूंनी माझा मुद्दा निकालात काढला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांच्या भीतीत माझ्या पांडित्यापेक्षा माणुसकी अधिक होती. फाटकाजवळचा अशोक, ज्याच्या लोंबत्या फांद्यांत वाघळांची एक वसाहत होती, त्या आठवड्यात तोडला गेला. त्यातली काही वाघळे दोन-तीन रात्री त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालीत राहिली आणि मग आसपासच्या चार इमारतींच्या छपरांखाली पांगली. म्हणजे जी एका झाडावर होती ती आता चार दारांशी आली. उष्टे फळ खाऊ नये, मेलेल्या किंवा पडलेल्या वाघळाला हात लावू नये आणि वसाहत उधळू नये, या तीन गोष्टी पाळणे कुऱ्हाडीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी होते. पण कुऱ्हाड चालविल्याने काहीतरी केल्याचे समाधान मिळते, आणि भ्यालेल्या माणसाला समाधान आधी लागते.

२०२२ साली संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. तिच्यायोगे उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द झाली, आणि आखूड नाकाचे वटवाघूळ अर्ध्या शतकानंतर उंदरांच्या पंगतीतून उठले. याचे स्वागत केले पाहिजे. परंतु शिक्का पुसला जाणे आणि आश्रय मिळणे या दोन निराळ्या बाबी आहेत, शिवाय पहिल्या अनुसूचीत नसलेला कोणताही वन्यप्राणी अधिसूचना काढून उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आजही शाबूत आहे. म्हणून काही गोष्टी मागून घेणे अगत्याचे वाटते. झाडे तोडण्याच्या परवानगीसाठी आपल्याकडे १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील वृक्षांचा कायदा आहे आणि शहरोशहरी वृक्ष प्राधिकरणे आहेत. झाडाची जात, घेर, उंची, वय यांची पाहणी करताना त्या पंचनाम्यात ‘झाडावर वस्ती कोणाची’ असे एक सदर घालावे, आणि वसाहत असेल तर पिल्ले अंगावर असण्याच्या काळात तोड तहकूब ठेवावी. बागाईतदाराला उपदेशाऐवजी बारीक विणीची, ताणून बसविण्याची जाळी आणि घडांवर चढविण्याच्या पिशव्या सवलतीत द्याव्यात. सैल आणि मोठ्या विणीच्या जाळ्यात वाघूळ अडकून मरते आणि फळही वाचत नाही. दक्षिणेच्या त्या सनदी नातलगासाठी गुहेबरोबर गुहेभोवतालचा फळवृक्षही संरक्षणाच्या हिशेबात धरावा. आणि या सर्वांच्या आधी, सामान्य म्हणून ज्यांची गणती कोणी करीत नाही त्यांची गणती सुरू करावी. कारण जे मोजले नाही ते कमी झाल्याचे कोणाला कळत नाही.

त्या खणातील चिठ्ठीकडे पुन्हा एकदा जातो. दुर्मिळ वाघळाला सामान्य समजण्याची ती चूक दोन तपांनी एका माणसाने जबडा उघडून दात मोजताच दुरुस्त झाली, आणि चिठ्ठी बदलून तिचे परिमार्जनही झाले. चिठ्ठीवर ‘सामान्य’ हा शब्द बरोबर लिहिलेला असतानाही त्याचा अर्थ ‘टाकाऊ’ असा वाचण्याची आपली जी चूक आहे, तिला असा एक जबडा उघडून उपाय होणार नाही. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात अशोकाच्या तोडीपुढे ‘कारण: वाघळे’ एवढीच नोंद आहे. भेरली माडावर आता पुढच्या बैठकीत चर्चा आहे. मी लेखी अर्ज दिला असून त्यात झाड वाचवा असे म्हटलेले नाही. ठराव करण्यापूर्वी समितीच्या सभासदांनी एक दिवस संध्याकाळी सात वाजता त्या माडाखाली उभे राहून अर्धा तास वर पाहावे, एवढीच विनंती केली आहे. शेजारच्या काकूंनी नातवाला घेऊन येण्याचे कबूल केले आहे.